म्हैसूरचा निकाल आणि शेवटची पायरी

सप्टेंबर २००१ मध्ये म्हैसूरच्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने चंदनतस्कर वीरप्पनच्या टोळीवरच्या खटल्यांचा निकाल दिला. आरोपी शंभराहून अधिक होते आणि त्यातले बहुतेक निर्दोष सुटले. पालारच्या सुरुंगस्फोटात दोषी ठरलेल्यांमध्ये ज्ञानप्रकाश, सायमन, मीसेकर मादय्या आणि बिलवेंद्रन हे चौघे होते. म्हैसूरच्या न्यायाधीशांनी त्यांना जन्मठेप दिली. चौघांनी अपील केले, कारण ते त्यांच्या हक्काचे होते. २९ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अपिलाचा निकाल दिला आणि जन्मठेपेची फाशी केली.

शिक्षा कमी व्हावी म्हणून दार ठोठावणाऱ्याला आतून फाशी मिळावी, याचे कायद्याच्या वर्तुळात आजही नवल वाटते. न्यायालयाने आपण होऊन चौघांना नोटीस काढली होती : तुमचा दोष कायम राहिला तर तुमची शिक्षा का वाढवू नये, याचे कारण दाखवा. कारण दाखवले गेले. ते न्यायालयाला पटले नाही.

दिलेली शिक्षा कुणी, कधी आणि किती वेळा पुन्हा उघडायची? प्रश्न रुक्ष, कलमांच्या जंजाळातला वाटतो. पण त्याचा माग काढत गेले की वाट म्हैसूरच्या कोर्टातून दिल्लीला जाते, तिथून बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात, आणि मग नाशिक, कोल्हापूर, पुणे, नागपूर करत महाराष्ट्रात शिरते. वाटेत काही माणसे फासाच्या दोरापर्यंत जाऊन परत आलेली दिसतात. काही परत आली नाहीत.

आधी गुन्हा पाहू, कारण त्याची भीषणता झाकून हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ९ एप्रिल १९९३ रोजी तमिळनाडूचे पोलीस अधिकारी के. गोपालकृष्णन, म्हणजे लोकांचे ‘रॅम्बो’, आपले पथक घेऊन मले महादेश्वर डोंगराच्या परिसरात वीरप्पनच्या मागावर निघाले होते. पालारजवळ रस्त्यात पेरलेल्या सुरुंगांचा स्फोट झाला. पोलीस, वनखात्याची माणसे आणि खबरे मिळून २२ जण ठार झाले; गोपालकृष्णन गंभीर जखमी होऊनही वाचले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, याच टापूत पोलीस अधीक्षक हरिकृष्ण आणि उपनिरीक्षक शकील अहमद यांना सापळ्यात गाठून मारण्यात आले होते.

या शकील अहमदांचे वडील अब्दुल करीम पुढे एका मोठ्या निकालाला आपले नाव देऊन गेले. ३० जुलै २००० रोजी वीरप्पनने कन्नड चित्रपटसृष्टीचे दैवत राजकुमार यांचे गाजनूरच्या घरातून अपहरण केले. म्हैसूरच्या टाडा खटल्यातील कैद्यांना सोडा, ही त्याच्या मागण्यांपैकी एक मागणी होती. बेंगळुरू पेटेल या धास्तीने कर्नाटक सरकारने टाडाचे आरोप मागे घ्यायचे ठरवले आणि म्हैसूरच्या न्यायालयाने त्याला संमतीही दिली. मुलगा गमावलेले अब्दुल करीम सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २००० रोजी न्या. भरुचा, न्या. महापात्र आणि न्या. सभरवाल यांच्या खंडपीठाने ती संमती रद्द केली. त्यानंतर साधारण आठवड्याभराने, अपहरणापासून १०८ दिवसांनी, राजकुमार सुखरूप परतले. म्हणजे म्हैसूरचा खटला चालला आणि निकालापर्यंत पोचला, तो एका बापाच्या हट्टामुळे. या खंडपीठातले न्या. वाय. के. सभरवाल हेच २००४ च्या खंडपीठावरही होते आणि त्यांच्या जोडीला न्या. बी. एन. अग्रवाल होते. एकाच खटल्याने एकाच न्यायमूर्तींसमोर दोनदा यावे, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

कायद्याचा पहिला नियम असा : ज्या न्यायालयाने निकालपत्रावर सही केली, त्याने पुन्हा त्याला हात लावायचा नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६२ मध्ये हे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४०३ झाले. लेखनिकाची चूक किंवा बेरजेतली चूक तेवढी दुरुस्त करता येते. ‘सात वर्षे’च्या जागी टंकलेखकाने ‘सतरा’ उमटवले तर ते बदलता येईल. पण ‘सात जास्तच झाली, पाच पुरेत’ असे न्यायाधीशाला दुसऱ्या दिवशी सकाळी वाटले, तर ते मनात ठेवावे लागते. उच्च न्यायालयांनी अंगभूत अधिकाराच्या नावाखाली या भिंतीत खिडक्या पाडायचा प्रयत्न अनेकदा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २००० च्या हरिसिंग मान निकालासारख्या निवाड्यांतून मोडून काढला.

ही कडकपणाची हौस नव्हे. शिक्षा देणाऱ्यालाच ती बदलण्याची मुभा असती तर निकालानंतर न्यायाधीशाच्या घराभोवती वशिल्याचा बाजार भरला असता. तरीही इतरत्र थोडी सवड ठेवलेली दिसते. इंग्लंडमध्ये क्राउन कोर्टाला आपण दिलेली शिक्षा ५६ दिवसांपर्यंत बदलता येते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांना उघड चूक दुरुस्त करायला १४ दिवस मिळतात. आपल्याकडे सहीची शाई वाळली की संपले. म्हणून आपल्याकडे शिक्षा पुन्हा उघडायची म्हणजे वर जायचे.

वर गेल्यावर काय होऊ शकते, हेही कायद्याने बांधून दिले आहे. आरोपीने शिक्षेविरुद्ध अपील केले तर अपील न्यायालय त्याला सोडू शकते, शिक्षा घटवू शकते, तिचे स्वरूप बदलू शकते. वाढवू मात्र शकत नाही. जुन्या संहितेच्या कलम ३८६ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते. वाढवायची तर सरकारने वेगळे अपील करायचे. नाहीतर उच्च न्यायालयाने पुनरीक्षणाचा अधिकार वापरायचा, आरोपीला नोटीस द्यायची, त्याचे ऐकून घ्यायचे. सरकारच्या अशा अपिलात आरोपीलाही एक शस्त्र मिळते : शिक्षा वाढवायचा प्रश्न निघालाच आहे, तर मला निर्दोष सोडा, असे तो तिथे म्हणू शकतो. १९७७ मध्ये महाराष्ट्रातल्या एकनाथ शंकरराव मुक्कावार यांच्या अन्नभेसळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा शिक्षा वाढवण्याचा अधिकार मान्य केला. जून २०२५ मध्ये तमिळनाडूच्या नागराजन खटल्यात मात्र न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने दुसरी बाजू ठणकावून सांगितली. अपील आरोपीचे आहे, सरकार वा फिर्यादी शिक्षा वाढवा म्हणून आलेले नाही. अशा वेळी उच्च न्यायालयाने आपण होऊन शिक्षा वाढवायची नाही. अपील केल्याची किंमत आरोपीने मोजावी, असे व्हायला नको.

इंग्लंडात हीच किंमत १९६६ पर्यंत मोजावी लागत होती. तिथल्या अपील न्यायालयाला शिक्षा वाढवता येत असे, आणि फुकाची अपिले रोखायला ही भीती बरी, असे मानणारे न्यायमूर्तीही होते. १९६६ च्या कायद्याने तो अधिकार काढून घेतला. जर्मनीच्या संहितेतही आरोपीच्या अपिलात त्याची स्थिती बिघडवायला मनाई आहे.

मग म्हैसूरच्या चौघांच्या बाबतीत हे बंधन कुठे गेले? संहितेतले बंधन मुख्यतः सत्र आणि उच्च न्यायालयांना जखडते. सर्वोच्च न्यायालयाकडे राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाचा ‘संपूर्ण न्याय’ करण्याचा अधिकार आहे, आणि त्याची सीमा ते स्वतःच आखते. त्यात टाडा. हा कायदा मे १९९५ मध्ये संपला, पण त्याखालचे जुने खटले चालू राहिले. त्याच्या १९ व्या कलमाने उच्च न्यायालयाची पायरीच काढून टाकली होती. विशेष न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालय. खुनाच्या साध्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी आधी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते आणि मगच सर्वोच्च न्यायालयाचा प्रश्न येतो. इथे तसे काही नव्हते.

सगळ्या प्रकरणातली खरी मेख इथे आहे आणि चर्चेत ती फारशी येत नाही. शिक्षा वाढली, एवढेच घडले नव्हते. चौघांना फाशी पहिल्यांदा सुनावली गेली ती शेवटच्या पायरीवर. त्या फाशीविरुद्ध अपील करायला देशात न्यायालयच उरले नव्हते. उरली ती फेरविचार याचिका, आणि ती त्या काळी न्यायमूर्तींच्या दालनात कागदपत्रे फिरवून, वकिलाचे तोंडी म्हणणे न ऐकता निकाली निघत असे. तीही फेटाळली गेली. फाशीच्या कैद्याची फेरविचार याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकलीच पाहिजे, हा नियम मोहम्मद आरिफ खटल्यात २ सप्टेंबर २०१४ रोजी आला. चौघांसाठी दहा वर्षे उशिरा.

आता हिंडलगा. मराठी वाचकाला हे नाव नवे नाही. १९५० मध्ये लियाकत अली खान यांच्या दिल्लीभेटीच्या वेळी स्वातंत्र्यवीर सावरकरांना स्थानबद्ध करून ठेवले ते इथेच, आणि सीमालढ्यातल्या कितीतरी सत्याग्रहींनी याच भिंतींआड दिवस काढले. कर्नाटकातले फाशीचे कैदी इथे ठेवण्याची रीत आहे. म्हैसूरचे चौघे इथे आले आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करून बसले. अर्ज २००४ चा. अब्दुल कलाम यांची कारकीर्द संपली, प्रतिभाताई पाटील यांची सुरू होऊन संपली. ज्याच्यासाठी सुरुंग पेरले तो वीरप्पनही ऑक्टोबर २००४ मध्ये धर्मपुरीजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेला होता. अर्जावर निर्णय झाला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये, प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना. नामंजूर.

तो काळ कसा होता हे आठवून पाहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात कसाबला आणि ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये अफझल गुरूला फाशी झाली होती. दोन्ही वेळी देशाला कळले ते नंतर. हिंडलग्यातही आता काही दिवसांचाच प्रश्न आहे असे धरून चालले होते. वकिलांनी धावाधाव केली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पण दोन महिन्यांत, १२ एप्रिल २०१३ रोजी, दुसऱ्या एका खंडपीठाने देविंदरपाल सिंग भुल्लर खटल्यात सांगितले की टाडासारख्या दहशतवादाच्या गुन्ह्यात दयेच्या अर्जाला झालेला उशीर हे फाशी रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही. चौघेही टाडाचेच.

तिढा सुटला तो २१ जानेवारी २०१४ रोजी, शत्रुघ्न चौहान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात. सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्या. रंजन गोगोई आणि न्या. शिवकीर्ती सिंह यांनी १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यात हे चौघे होते. अकारण, अवाजवी उशीर हा स्वतःच एक छळ आहे, गुन्हा टाडाखालचा असो वा साधा. भुल्लरमध्ये काढलेला भेद चुकीचा आहे, असे त्यांनी म्हटले. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यावर फाशीपूर्वी किमान १४ दिवस द्यावेत, कुटुंबाला कळवावे, कायदेशीर मदत द्यावी, अशी नियमावलीही घालून दिली. मार्चअखेरीस खुद्द भुल्लरची फाशीही रद्द झाली.

चौघे वाचले हे चांगलेच झाले. पण कशामुळे वाचले? २००४ मध्ये शिक्षा वाढवली ती चूक होती, असे कुणी म्हटले नाही. म्हैसूरच्या न्यायाधीशांनी आरोपी, साक्षीदार, सगळा पुरावा समोर पाहून जन्मठेप पुरेशी मानली होती; ते बरोबर होते का, हा प्रश्न पुन्हा उघडलाच गेला नाही. राष्ट्रपती भवन आणि गृहखात्यात एक फाइल नऊ वर्षे पडून राहिली म्हणून ते वाचले. फाइल दोन वर्षांत निकालात निघाली असती तर चौघांना फाशी झाली असती. शिक्षा पुन्हा उघडण्याचा आपला सगळा कायदा असा घड्याळाकडे पाहतो. उशीर झाला का, हे विचारायला तो तयार असतो. चूक झाली का, हे विचारताना त्याची जीभ अडखळते.

महाराष्ट्रातली उदाहरणेही याच माळेतली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. कारण? दयेच्या अर्जांचा निर्णय व्हायला जवळपास आठ वर्षे लागली. पुण्यात २००७ मध्ये एका कॉल सेंटर कर्मचारी तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या करणाऱ्या पुरुषोत्तम बोराटे आणि प्रदीप कोकाडे यांच्या फाशीची तारीख ठरली होती, २४ जून २०१९. जुलैअखेर उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली, उशिरासाठीच, आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. खालच्या न्यायालयाने वरच्याने कायम केलेली फाशी रद्द करावी, हे ऐकायला उलटे वाटते. पण उच्च न्यायालय इथे शिक्षेला हात लावत नव्हते. शिक्षेनंतर सरकारने जे केले नाही, त्याचा हिशेब ते मांडत होते. मारल्या गेलेल्या लेकरांच्या आणि त्या तरुणीच्या घरच्यांना ही बारीक रेघ कशी समजावून सांगायची, याचे उत्तर मात्र कुठल्याच निकालपत्रात नाही.

‘चूक झाली का’ हा प्रश्न थेट विचारला गेला, असा एक लख्ख अपवाद आहे, आणि तोही महाराष्ट्रातला. जून २००३ मध्ये नाशिक भागात एका कुटुंबावर दरोडा पडला. हत्या झाल्या, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडण्यात आले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या तिघांची फाशी कायम ठेवली आणि उरलेल्या तिघांचीही जन्मठेप वाढवून फाशी केली. पुन्हा तेच : शेवटच्या पायरीवर वाढ.

दोन आठवडे गेले. १३ मे २००९ रोजी संतोष बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने सांगितले की राजस्थानच्या रावजी खटल्यातला निकाल घटनापीठाच्या विरोधात जाणारा होता. गुन्हा तेवढा पाहायचा, गुन्हेगार नाही, असे रावजीत म्हटले होते. बच्चनसिंग खटल्यातल्या घटनापीठाने १९८० मध्ये दोन्ही पाहायला सांगितले होते. नाशिकच्या सहा जणांची फाशीही याच रावजीच्या धाटणीवर दिलेली होती, हे पुढे २०१२ मध्ये संगीत खटल्यात नमूद झाले. त्याच वर्षी १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर दिलेल्या फाशी रद्द करण्याची विनंती केली. खुद्द रावजीला त्याचा काही उपयोग नव्हता. त्याला १९९६ मध्येच फाशी झाली होती.

नाशिकच्या सहा जणांची फेरविचार याचिका आधी फेटाळलेली होती. खुल्या सुनावणीचा नियम आल्यावर ती पुन्हा उघडली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांनी २००९ चा निकालच मागे घेतला. शिक्षा घटवली नाही. सहाही जणांना निर्दोष सोडले. ओळख पटवण्याचा पुरावा टिकत नव्हता. साक्षीदार महिलेने पोलिसांच्या संग्रहातले फोटो पाहून आधी भलत्यांनाच ओळखले होते. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेशही झाला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. उच्च न्यायालयाने ज्यांना जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने जी अपुरी मानली, ते तिघे गुन्हेगारच ठरले नाहीत.

सर्वोच्च न्यायालय आपली चूक मान्य करू शकते, याचा धडा मराठी माणसाने १९८८ मध्येच पाहिला होता. बॅ. अ. र. अंतुले यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला १९८४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला. सात न्यायमूर्तींनी तो आदेश मागे घेतला. न्यायालयाच्या कृतीने कुणाचे नुकसान होता कामा नये, हे त्यामागचे सूत्र. त्यातूनच पुढे, २००२ च्या रूपा हुर्रा निकालात, क्युरेटिव्ह याचिका जन्माला आली : फेरविचारही फेटाळला गेल्यावरचा अखेरचा उपाय, अगदी अरुंद. याकूब मेमनची क्युरेटिव्ह जुलै २०१५ मध्ये फेटाळली गेली आणि ३० जुलैच्या पहाटे सुनावणी होऊन काही तासांत नागपुरात त्याला फाशी झाली. उलट नोव्हेंबर २०२५ मध्ये निठारीच्या सुरेंद्र कोलीला क्युरेटिव्हमध्येच निर्दोष ठरवण्यात आले. एकाच उपायातून निघालेले हे दोन टोकांचे निष्कर्ष.

म्हैसूरशी दुरून नाते सांगणारा आणखी एक खटला इथे विसरता येत नाही, कारण त्याने शिक्षा पुन्हा पाहण्याचा अधिकार दुसऱ्याच बाजूने कापला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांची नात शाकिरा खलीली १९९१ मध्ये बेंगळुरूतल्या आपल्या घरातून नाहीशी झाली. तीन वर्षांनी घराच्या आवारात पुरलेला तिचा सांगाडा सापडला. दुसरा नवरा स्वामी श्रद्धानंद दोषी ठरला आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली. सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत फुटले, न्या. सिन्हा जन्मठेपेच्या बाजूचे, न्या. काटजू फाशीच्या. २२ जुलै २००८ रोजी तीन न्यायमूर्तींनी मधली वाट काढली : जन्मठेप, पण मरेपर्यंत, आणि शिक्षामाफी नाही. जन्मठेप व्यवहारात चौदा वर्षांवर येते आणि फाशी फार होते, म्हणून ही नवी जागा. डिसेंबर २०१५ मध्ये घटनापीठाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी मान्य केली. मात्र अशी शिक्षा उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनीच द्यावी, सत्र न्यायालयाने नव्हे.

शिक्षामाफी हे सरकारचे काम. कैदी वर्षानुवर्षे कसा वागला, किती बदलला, हे पाहून शिक्षा पुन्हा तपासण्याची ती एकमेव नियमित सोय. न्यायालयाने एका दिवशी, निकालाच्या दिवशी, पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी ती बंद करून टाकली. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा दयेचा अधिकार तेवढा उरतो. फाशीपेक्षा हे बरे, यात शंका नाही. तरीही जे न्यायालय स्वतःचा निकाल उघडायला इतके कचरते, त्याने इतरांनाही तो उघडू न द्यावा, हे पटायला जड जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये, तीस वर्षे तुरुंगात काढलेल्या श्रद्धानंदची सुटकेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेण्यास नकार दिला.

एक वाट संसदेने मोकळी ठेवली आहे. गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा दावा कधीही, अंतिम निकालानंतरही, करता येतो. बाल न्याय कायद्यात तसे लिहिलेले आहे. १९९४ मध्ये पुण्यात झालेल्या सात जणांच्या हत्येत फाशी सुनावलेल्या एकाने हा दावा केला. मार्च २०२३ मध्ये तो त्या वेळी साडेबारा वर्षांचा होता हे मान्य झाले आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत काढून तो बाहेर आला. इथे ‘आता निकाल अंतिम झाला’ हे उत्तर कुणाला देता आले नाही, कारण कायद्याने ते आधीच काढून घेतले होते.

नागपूरच्या वसंता दुपारे खटल्यात २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. फाशी कायम झालेली, मे २०१७ मध्ये फेरविचार फेटाळलेला, दयेचे अर्जही संपलेले. तरी मूलभूत हक्कांसाठीच्या ३२ व्या अनुच्छेदाखाली शिक्षेचा भाग पुन्हा उघडता येतो, असे न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने म्हटले. मे २०२२ च्या मनोज खटल्यात फाशी देण्यापूर्वी आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल मागवावेत असे ठरले होते. दुपारेच्या वेळी ते झालेले नव्हते. दोष कायम ठेवून शिक्षेवर नव्याने सुनावणी घ्यावी, असा आदेश झाला. हा मार्ग सरसकट नाही, नियमभंग स्पष्ट आणि गंभीर असेल तरच, ही तंबीही त्यात आहे. तरीही घड्याळाकडे न पाहता, शिक्षा ठरवण्याची रीतच चुकली का, हे इथे विचारले गेले. २००४ च्या हिंडलग्यात असे विचारणारे कुणी नव्हते.

पालारच्या चौघांची फाशी गेल्यावर ते साधे जन्मठेपेचे कैदी झाले. कर्करोगाने आजारी असलेला ज्ञानप्रकाश २०२२ च्या अखेरीस जामिनावर तुरुंगाबाहेर आला.

राहता राहिली शेवटच्या पायरीची गोष्ट. राज्यघटनेच्या १३४ व्या अनुच्छेदात एक तरतूद आहे : सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेल्याला उच्च न्यायालयाने थेट फाशी दिली, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क आहे, कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्यांदाच मरणाची शिक्षा ऐकणाऱ्याला निदान एक अपील मिळावे, हे घटनाकारांनी १९४९ मध्ये हेरले होते. भारताने १९७९ मध्ये मान्य केलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही दोष आणि शिक्षा दोन्ही वरच्या न्यायासनाकडून तपासून घेण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयच पहिल्यांदा फाशी देईल, ही शक्यता मात्र १३४ व्या अनुच्छेदात धरलेली नाही, आणि नव्या संहितेतही तिची दखल नाही. पाच किंवा सात न्यायमूर्तींपुढे हक्काचे अपील देता येईल, किंवा त्याहून सोपे म्हणजे, जिथून पुढे अपील नाही तिथे शिक्षा वाढवायचीच नाही असे ठरवता येईल. इंग्लंडने १९६६ मध्ये हे एका छोट्या कायद्याने केले. आपल्याकडे नागराजनचा निकाल उच्च न्यायालयांना बांधतो. सर्वोच्च न्यायालय त्याच नियमाने स्वतःला बांधून घेईल का, हे अशा एखाद्या खटल्यात नोटीस निघेल तेव्हाच कळेल.